रस्ता एक, नंबर अनेक

पलसाणा चोकडीवर उभे राहून एखाद्या ट्रकवाल्याला विचारा, की बाबा, हा रस्ता कोणता? तो सांगेल, "हा आठ नंबर, अन् तो सहा नंबर." आठ नंबर म्हणजे मुंबई-अहमदाबादचा, सहा नंबर म्हणजे हजीऱ्याहून बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा. डोक्यावरच्या हिरव्या फलकाकडे पाहिले तर तिथे आठही नाही आणि सहाही नाही. तिथे ४८ आणि ५३ लिहिलेले आहे. नंबर बदलून दशक उलटून गेले, तरी चोकडीवरच्या माणसाने ते मनावर घेतलेले नाही. कडोदऱ्याच्या बाजूला जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून 'ने. हा. नं. ८' दिसते, ती पुसायला कोणी शिडी लावलेली नाही.

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांचा या दोनपैकी एका रस्त्याशी संबंध आहेच. कोकणातले, पुण्या-मुंबईकडचे लोक आठ नंबरने आले. खानदेशातले सहा नंबरने आले, किंवा त्याच्या शेजारून धावणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या नंबरांचीच हकीकत सांगावी असे वाटले. त्यात एक प्रश्न असा आहे, की जो वरवर पोरकट दिसतो पण तसा नाही: एकाच डांबरावर एकाच वेळी दोन-तीन महामार्ग असू शकतात का? आणि असले, तर त्या डांबरातला खड्डा कोणाचा?

असू शकतात, हे आपल्याला खरे तर वेगळे सांगायला नको. अनंत चतुर्दशीला पाच मंडळांच्या मिरवणुका वेगवेगळ्या गल्ल्यांतून निघतात आणि कुठेतरी मोठ्या रस्त्याला लागून एकामागे एक चालतात. प्रत्येकाचे ढोल वेगळे, बॅनर वेगळा, बाप्पा वेगळा, पण रस्ता तोच. पुढे एखाद्या चौकात पुन्हा फाटे फुटतात. महामार्गांचे नेमके हेच होते. दिल्लीहून चेन्नईला जाणारा आणि श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा असे दोन मार्ग काही अंतर एकाच रस्त्यावरून जात असतील, तर तेवढ्या तुकड्याला दोन्ही नंबर लागतात. नंबर हा डांबराचा नसतो, प्रवासाचा असतो. हे एवढे लक्षात ठेवले की पुढचे सोपे आहे.

जुन्या काळी नंबर नव्हते, पण हाच प्रश्न होता, आणि सुरतेने तो दरवाजांनी सोडवला होता. दिल्ली दरवाजा, नवसारीकडचा दरवाजा, वरियावी दरवाजा, कतारगाम दरवाजा, उधना दरवाजा. वेस ज्या गावाकडे तोंड करून उभी, तिला त्या गावाचे नाव. खानदेशाकडे जाणाऱ्या वेशीचे नाव बुऱ्हाणपुरी भागळ. भागळ म्हणजे वेस किंवा नाका, हे सुरतेत राहणाऱ्याला ठाऊक असतेच. आज त्या भागातून स्कूटर काढताना कोणाच्या मनातही येत नाही, की इथून निघालेला रस्ता एके काळी हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी वाटांपैकी एक होता.

सुरतेहून आग्ऱ्याला जायला दोन वाटा होत्या. एक अहमदाबादवरून आणि दुसरी बुऱ्हाणपुरावरून. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली सुवालीच्या बंदरावर उतरला आणि जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरला निघाला तो बुऱ्हाणपूरच्या वाटेने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने तर ही वाट मुक्कामांसकट लिहून ठेवली आहे. त्यात बारडोली आहे, नवापूर आहे, नंदुरबार आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे तो कौतुकाने नोंदवतो. सुवाली म्हणजे आजच्या हजीऱ्याच्या शेजारचाच किनारा. म्हणजे आज ५३ नंबरचा महामार्ग पश्चिमेला जिथे समुद्राला टेकतो, साधारण तिथूनच रोसाहेबांच्या बैलगाड्या निघाल्या होत्या. गंमत अशी, की ही जुनी वाट नवापूरनंतर नंदुरबारला जायची. आजचा महामार्ग विसरवाडीवरून कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीला उतरतो. जुन्या वाटेचा खरा वारसदार म्हणायचा तर तो रेल्वेमार्ग. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० पर्यंत सुरतेहून अमळनेरला पोचली ती नंदुरबार-दोंडाईच्यावरूनच. रस्ता आणि रूळ नवापूरपर्यंत बरोबर चालतात, तिथे रुसून वेगळे होतात आणि थेट जळगावला पुन्हा भेटतात.

शिवाजी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर आले तेव्हा त्यांचा तंबू बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला होता. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना त्यांनी बागलाणची वाट धरली, आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी त्यांची लढाई झाली. त्या वेळी सुरतेबाहेर पडणारा रस्ता थोड्या अंतरावर बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याचा, नंदुरबारच्या बैलवाल्याचा आणि महाराजांच्या सैन्याचा एकच होता. पुढे ज्याची त्याची दिशा. अशा तुकड्याला कोणत्या गावाचे नाव द्यायचे? सुरतेने बुऱ्हाणपूरचे दिले, कारण सर्वांत लांबचे आणि सर्वांत श्रीमंत गाव ते होते. जो मोठा, त्याचे नाव वर. हा न्याय पुढे नंबरांच्या काळातही टिकला.

नाव कोणाचे हा प्रश्न सोपा, पण खर्च कोणाचा हा अवघड. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकात सोनगडला आपले ठाणे केले, आणि तिथून गायकवाडी राज्य वाढले, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा परिणाम या रस्त्यावर दोनशे वर्षे राहिला. इंग्रजी अमलात सुरतेहून खानदेशात निघालेला माणूस सुरत जिल्ह्यातून, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून निघे. पलसाण्याला बडोदे संस्थानात शिरे. बारडोलीला पुन्हा इंग्रज. व्यारा आणि सोनगड पुन्हा गायकवाड सरकारचे. नवापूर ओलांडले की पश्चिम खानदेश जिल्हा. एकाच वाटेवर चार वेळा धनी बदलायचा. वाटसरूला ते रस्त्यावरूनच कळत असणार, कारण रस्ता दुरुस्त करणारी तिजोरीही तिथे बदलत होती.

हा गोंधळ देशभर होता. मोटारी आल्यावर तो असह्य झाला. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. होय, तेच जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपल्यापैकी काहींनी परीक्षेचे दिवस काढले आहेत. जयकर समितीने १९२८ मध्ये सांगितले, की रस्ते हे आता एकट्या प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या कुवतीबाहेरचे काम आहे. काही रस्त्यांचा भार केंद्राने उचलावा, आणि त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज आपण पंपावर पेट्रोलसोबत रस्त्यासाठी जो पैसा भरतो, त्याचे मूळ त्या दोन आण्यांत आहे. जयकरांची ओळख कायदेपंडित, राजकारणी आणि कलाप्रेमी म्हणून सांगितली जाते. रस्त्यांचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच.

पुढचा टप्पाही महाराष्ट्रातच पडला. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. युद्ध चालू होते, पण ते संपल्यावरच्या वीस वर्षांचा आराखडा त्यांनी तिथे केला. तोच 'नागपूर प्लॅन'. रस्त्यांची उतरंड पहिल्यांदा तिथे नीट लावली गेली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढचे राज्य महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते, आणि गावरस्ते. ही वाटणी केवळ महत्त्वाची नव्हती, पैशाची होती. वरच्या पायरीचा खर्च केंद्राचा, पुढचा प्रांताचा, त्याखालचा जिल्ह्याचा. रस्त्याकडेच्या दगडांचे रंगही याच उतरंडीने चालतात. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय, हिरवा म्हणजे राज्याचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून दगड मोजणाऱ्या मुलाला हे माहीत नसते, की पिवळ्याचा हिरवा झाला म्हणजे तिजोरी बदलली.

१ एप्रिल १९४७ पासून केंद्राने राष्ट्रीय महामार्गांचा भार घेतला. मग १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला, तो १५ एप्रिल १९५७ पासून लागू झाला. या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. कायद्यांची परिशिष्टे कोणी वाचत नाही, पण हे वाचण्यासारखे आहे. त्यात महामार्गांची ओळीने यादी आहे. तिसऱ्या क्रमांकावर आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे, मुंबई. आठव्यावर दिल्ली, जयपूर, अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, बडोदे, मुंबई. आणि सहाव्यावर? 'तीन क्रमांकाच्या महामार्गाला धुळ्याजवळ जिथे मिळतो तिथून सुरू होऊन नागपूर, रायपूर, संबळपूर, बहरागोडा आणि कलकत्ता यांना जोडणारा महामार्ग.'

सुरत नाही! ज्या वाटेने सतराव्या शतकात साऱ्या जगाचा माल आग्ऱ्याला गेला, त्या वाटेला स्वतंत्र भारताच्या पहिल्या यादीत जागा नव्हती. सहा नंबर धुळ्यालाच सुरू व्हायचा. धुळ्यापासून सुरतेपर्यंतचा तुकडा पुढे त्याला जोडला गेला, आणि मग तो हजीऱ्यापर्यंत आला. खानदेशातून कापडाच्या धंद्यात, लूम्सवर, डाईंग मिलमध्ये काम करायला लोक ज्या रस्त्याने आले, तो रस्ता आधी माणसांनी मोठा केला आणि मग सरकारने. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज जी अहिराणी ऐकू येते, ती त्या तुकड्याच्या बळावर.

पण त्या परिशिष्टात मला सर्वांत रस वाटतो तो एका शब्दप्रयोगात: 'जिथे मिळतो तिथून सुरू होणारा'. चार नंबरचे उदाहरण घ्या. पुणे-बेळगाव-बंगळूर-मद्रासचा हा महामार्ग मुंबईला सुरू झाला असे आपण म्हणायचो. कायदा तसे म्हणत नाही. कायद्याप्रमाणे तो ठाण्याजवळ, तीन नंबरच्या महामार्गाला मिळतो तिथून सुरू होतो. का? कारण ठाणे ते मुंबई हा तुकडा आधीच तीन नंबरला देऊन झाला होता. एकाच डांबराला दोन नंबर नकोत म्हणून नंतरच्याला अलीकडेच थांबवले. जो आधी आला त्याचे डांबर, बाकीच्यांनी त्याच्या अंगणात संपावे. एकत्र कुटुंबात थोरल्याच्या नावावर वीजबिल असते, तसे. हे कंजूषपणाचे वाटले तरी त्यात शहाणपण होते. कायद्याने राष्ट्रीय महामार्गाची जबाबदारी केंद्रावर टाकली होती; हिशेबात एक किलोमीटर दोनदा मोजला गेला तर त्याच्या डांबराचा पैसाही दोनदा मागितला जाणार.

अमेरिकेने याच्या उलट केले. तिथे १९२६ साली देशभरच्या रस्त्यांना नंबर दिले, त्याआधी खासगी संघटनांनी नावे दिलेल्या वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेची खूण म्हणून विजेच्या आणि तारांच्या खांबांवर रंगाचे पट्टे मारलेले असत. काही रस्त्यांवरून अशा अनेक वाटा जात, तेव्हा एकाच खांबावर चार-पाच वाटांचे पट्टे चढत. नंबर आले तरी सवय राहिली. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन ते पोर्टेज या पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरच्या तुकड्यावर ३९, ९० आणि ९४ असे तीन आंतरराज्य महामार्ग एकाच रस्त्यावरून धावतात, आणि तिन्हींच्या ढाली फलकावर शेजारी शेजारी लावलेल्या असतात. व्हर्जिनियात तर विथविल गावाजवळ असा तुकडा आहे, की तिथे गाडी एकाच वेळी '८१ उत्तर' आणि '७७ दक्षिण' अशा दोन महामार्गांवर असते, आणि प्रत्यक्षात पूर्वेकडे जात असते. ब्रिटनमध्ये यांतले काही चालत नाही. तिथे मोठ्या रस्त्याचा एकच नंबर, आणि पुढे लागणाऱ्या दुसऱ्याचा नंबर कंसात. तीन देश, तीन स्वभाव. अमेरिकन पद्धत प्रवाशाच्या सोयीची, आपली जुनी पद्धत हिशेबनिसाच्या सोयीची.

मग २०१० साल आले. जुनी यादी वाढता वाढता अडचणीची झाली होती. आठचे ८-अ, ८-ब असे फाटे निघाले होते, आकडे दोनशेपार गेले होते आणि त्यांत भूगोलाचा काही पत्ता लागत नव्हता. नव्या पद्धतीत दक्षिणोत्तर महामार्गांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. त्यामुळे ७५३ दिसला की तो ५३ च्या कुटुंबातला, एवढे लगेच समजते. व्यवस्था चांगली आहे, मात्र तिच्यातही खोडी आहे. सम आकडे पश्चिमेकडे वाढतात, तर ४८ हा ५२ च्या पूर्वेला हवा. आपल्याकडे उलटेच आहे: ४८ सुरतेवरून जातो, ५२ धुळ्यावरून. नकाशा दक्षिणेकडे उलगडत न्या, हुबळीला हे दोघे एकमेकांना ओलांडतात, ५२ अंकोल्याच्या समुद्राकडे जातो, ४८ चेन्नईकडे, आणि तिथे नियम खरा होतो.

या फेरबदलात आठ आणि चार मिळून बराचसा एक झाला. दिल्ली-मुंबई आणि मुंबई-बंगळूर या दोन रस्त्यांना एकच नंबर मिळाला, ४८. हा सुमारे २,८०० किलोमीटरचा महामार्ग. म्हणजे कामरेजला राहणारा माणूस आणि कराडला राहणारी त्याची बहीण आता एकाच नंबरच्या रस्त्यावर राहतात. सहाचा ५३ झाला, पण त्याचे पूर्वेचे टोक कलकत्त्याऐवजी ओडिशातल्या पारादीप बंदराकडे वळले. एका समुद्रावरून निघून दुसऱ्या समुद्रावर. याउलट तीन नंबरचे तुकडे पडले. धुळ्याहून इंदूरकडे गेलात तर ५२, नाशिककडे गेलात तर ६०. नाशिकचा, धुळ्याचा, कल्याणचा माणूस मात्र त्याला अजून 'आग्रा रोड'च म्हणतो, आणि त्याच्यापुढे सगळे नंबर हरलेले आहेत.

आणि जुना नियमही मोडला. नव्या यादीत ४८ बंगळूरहून होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत चेन्नईला जातो. पण बंगळूर ते कृष्णगिरी हा रस्ता ४४ चाही आहे, श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या देशातल्या सर्वांत लांब महामार्गाचा. त्या तुकड्यावर आपला ४८ आणि तो ४४ एकाच डांबरावरून जातात आणि कृष्णगिरीला वेगळे होतात. पलसाण्याच्या चोकडीवरून निघालेला ट्रक चेन्नईला पोचेपर्यंत कधीतरी दुसऱ्याच्या रस्त्यावरून जातो, हे त्याच्या चालकाला जाणवतही नाही.

नंबरांवर नंबर चढण्याची आणखी एक तऱ्हा आहे. २००५ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने आशियाई महामार्गांचे जाळे ठरले आणि ते सगळे अस्तित्वात असलेल्या रस्त्यांवरच आखले गेले. ग्वाल्हेरहून धुळे, ठाणे करत बंगळूरला जाणारा आशियाई महामार्ग ४७, आणि धुळ्याहून नागपूरच्या दिशेने जाणारा आशियाई महामार्ग ४६. म्हणजे धुळे-नागपूर रस्ता देशाच्या वहीत ५३, आशियाच्या वहीत ४६, आणि अमरावतीच्या चहाच्या टपरीवर सहाच. तिकडे ४८ च्या आपल्या तुकड्यावर 'सुवर्ण चतुष्कोन' ही आणखी एक पाटी आहे; ५,८४६ किलोमीटरच्या त्या चौकोनाची दिल्ली-मुंबई बाजू इथूनच जाते.

सुरतेत तिसराही राष्ट्रीय महामार्ग आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो ६४. त्याला मोठे उड्डाणपूल नाहीत, टोलची रांग नाही. तो साबरमती आश्रमापासून दांडीपर्यंत जातो, म्हणजे १९३० च्या मिठाच्या यात्रेची वाट. २००५ मध्ये यात्रेच्या पंचाहत्तराव्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ही वाट वारसा-मार्ग म्हणून विकसित करण्याची घोषणा केली. जुन्या पद्धतीत तिला २२८ नंबर मिळाला, नव्यात ६४. यात्रा १ एप्रिलला तापी ओलांडून सुरतेत आली आणि २ एप्रिल १९३० ला डिंडोलीला थांबली. होय, आपली डिंडोली. तेव्हा ते शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. गांधीजींबरोबर निघालेल्या अठ्ठ्याहत्तर जणांत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आश्रमातले संगीत सांभाळणारे. वाटेवरच्या प्रार्थनेत भजन तेच चालवत. डिंडोलीत आज जिथे कानबाईची मिरवणूक निघते, त्या मुलखातून एक मराठी गवई पायी गेला होता, आणि ती पायवाट आता सरकारी वहीत राष्ट्रीय महामार्ग आहे. ही वाट आखताना कुठे गावरस्ता, कुठे जिल्ह्याचा रस्ता असे जे मिळाले ते जोडले गेले. यात्रेकरूंनी चालताना रस्त्याचा दर्जा पाहिला नव्हता.

आता त्या खड्ड्याकडे येऊ. हे सारे कुतूहल म्हणून ठीक, पण नंबराशी माणसाचा जीवही बांधलेला असतो. आखाजीला आणि कानबाईला सुरतेहून खानदेशात ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरभरून जातात, रात्री. कोंडाईबारीच्या घाटात कितीतरी अपघात झाले आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत त्यांतल्या एखाद्याची झळ पोचलेली आहे. ओळखीतल्या एका कुटुंबाची गाडी काही वर्षांपूर्वी घाटाच्या अलीकडे रात्री बंद पडली. त्यांनी गाडी ओढून नेणाऱ्या माणसाला फोनवर सांगितले, 'सहा नंबरवर, नवापूरच्या पुढे.' पलीकडचा नवखा पोरगा नकाशात सहा नंबर शोधत बसला. आजच्या यादीतला सहा नंबर मेघालयात आणि मिझोराममध्ये आहे. शेवटी जवळच्या धाब्याचे नाव सांगितल्यावर पत्ता लागला. तासभर गेला, दुसरे काही झाले नाही.

राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा फोन आहे. तिथे दोन गोष्टी हव्या असतात: महामार्गाचा नंबर आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटर. दगडावरचा आकडा त्या महामार्गाच्या आरंभापासून मोजलेला असतो. चार नंबरचे मोजमाप ठाण्याकडून व्हायचे. तोच रस्ता ४८ झाला, की हिशेबाने त्याचा आरंभ दिल्लीला गेला, आणि कोल्हापूरजवळच्या दगडाला हजाराच्या वरचा आकडा हवा. दोन महामार्ग एका डांबरावर असतील तर एकाच जागेला दोन किलोमीटर होतात, म्हणून तिथे कोणाचे मोजमाप चालवायचे ते ठरवावे लागते. अमेरिकेतही नंबर कितीही असोत, मोजमाप साधारण एकाचेच ठेवतात. तेव्हा गाडीत बसलेल्या मुलांना जुना नंबर आठवण म्हणून जरूर सांगा, पण त्यांना नवा पाठ करायला लावा: धुळ्याकडे ५३, मुंबईकडे आणि अहमदाबादकडे ४८. आणि निघताना तिसरी गोष्टही सांगा, की आपण कोणत्या दिशेला तोंड करून चाललो आहोत. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला वळायला कित्येक किलोमीटर जावे लागते.

नवापूरच्या स्टेशनवर एक बाकडे आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. मध्ये रंगाने रेघ मारली आहे. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा फलाटावरूनच गेली. लोक तिथे उतरून हौसेने फोटो काढतात. खानदेशातून येणारी म्हातारी माणसे त्या रेघेवर पिशवी ठेवून निवांत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या तिकिटावर सुरत लिहिलेले असते, एवढे त्यांना पुरते.

आता सुरत जिल्ह्यातून आणखी एक रस्ता चालला आहे, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग. तो जुन्या कोणत्याच डांबरावरून जात नाही, सगळे नवे आहे, आणि द्रुतगती मार्गांच्या वेगळ्या यादीत त्याचा नंबर आहे चार. आपल्या वडिलांच्या पिढीचा चार नंबर पुण्याला जायचा.